यीस्टचे विरजण : बिअरच्या किण्वनासाठी स्टार्टर कसा तयार करतात



या पाठात आपण यीस्टचा स्टार्टर म्हणजे काय, तो किती मोठा असावा आणि प्रयोगशाळेत तो कसा तयार करायचा हे पाहणार आहोत. जैवतंत्रज्ञान, रसायन अभियांत्रिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्र या तिन्ही शाखांना हा पाठ उपयोगी आहे. लॉगॅरिदमची गरज नाही. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. मी दुर्ग-भिलाईत शिकवतो आणि पद्मनाभपुरात राहतो. काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी २० लिटरच्या फर्मेंटरमध्ये बार्ली माल्टचा वोर्ट, म्हणजे गोड काढा, किण्वनासाठी घेतला होता. यीस्टचे पाकीट मार्चमध्ये आले होते आणि प्रयोग मे महिन्यात होता. "सर, स्टार्टर करायचा का?" असे त्यांनी विचारले. परीक्षा जवळ आली होती, म्हणून मी म्हणालो, "नको, पाकीट सरळ टाका, चालतं." पहिल्या दिवशी फेस आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी वर पातळ पांढरी साय धरली आणि नासल्यासारखा आंबट वास सुटला. २० लिटर वोर्ट मोरीत ओतावा लागला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही किती पेशी टाकल्या होत्या?" चौघेही गप्प होते. उत्तर मलाही ठाऊक नव्हते. मुलांचे गुण गेले, आणि त्यांनी तर मला आधी विचारले होते.

हा पूर्ण पाठ म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

१. स्टार्टर म्हणजे काय?

घरी दही लावताना आपण दुधात चमचाभर विरजण घालतो. विरजण ताजे आणि पुरेसे असेल तर सकाळी घट्ट दही मिळते. ते जुने किंवा अगदीच थोडे असेल तर दूध पाणचट राहते किंवा त्याला भलताच वास येतो. दुधात आधीपासून असलेले इतर जंतू आणि आपण घातलेले जंतू यांच्यात शर्यत असते. विरजणाचे जंतू संख्येने जास्त असले की ते ही शर्यत जिंकतात.

यीस्टचा स्टार्टर हेही विरजणच आहे. फरक एवढाच की ते मुख्य किण्वनाच्या एक-दोन दिवस आधी थोड्या वोर्टमध्ये मुद्दाम वाढवून घेतात. त्याचे दोन हेतू असतात. पहिला म्हणजे पेशींची संख्या वाढवणे. दुसरा म्हणजे यीस्ट जिवंत आहे याची खात्री करणे. २० लिटर वोर्ट वाया जाण्यापेक्षा दीड लिटर वाया गेलेला बरा.

इथे एक सूचना. कोरड्या यीस्टच्या पाकिटाला सहसा स्टार्टर लागत नाही. ते यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेले असते आणि त्याच्या पेशींत आवश्यक साठा आधीच असतो. ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वापरावे. आपला पाठ द्रवरूप यीस्टबद्दल आणि तिरप्या आगारावर, म्हणजे स्लँटवर, मिळणाऱ्या यीस्टबद्दल आहे.

२. शुद्ध यीस्ट येते कुठून?

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी तयार केले. बिअर बिघडण्यामागे रानटी यीस्टची भेसळ असते हे त्यांनी दाखवून दिले. आजची स्टार्टरची पद्धत त्याच कामातून आली आहे.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतही असाच संग्रह आहे. महाविद्यालयांना शुल्क भरून तिथून यीस्ट मागवता येते. ते स्लँटवर येते आणि त्यावर पेशी फारच थोड्या असतात. म्हणून ते पायऱ्यापायऱ्यांनी वाढवावे लागते : आधी १० मिली, मग १०० मिली, मग १ लिटर. प्रत्येक पायरीला साधारण दहापट वाढ आणि एक ते दोन दिवस धरावेत. स्लँटवरून एकदम १ लिटरवर उडी मारू नये. यीस्टला तेवढ्या वोर्टवर ताबा मिळवायला वेळ लागतो आणि तोवर इतर जंतूंचे फावते.

छत्तीसगडच्या उत्तरेला सरगुजा, जशपूर भागात तांदळाची हंडिया करतात. तिच्यासाठी तांदळाचे पीठ आणि रानातल्या मुळ्या मिळून रानू नावाची गोळी बनवतात. तीही विरजणच, पण तिचे काम दुहेरी असते. तांदळात पिठूळ स्टार्च असतो आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. गोळीतल्या बुरशा स्टार्चची साखर करतात आणि मग यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. बार्लीच्या माल्टमध्ये साखर करणारी विकरे दाण्यातच असतात. म्हणून बिअरच्या विरजणात फक्त यीस्ट असले तरी चालते.

३. किती पेशी लागतात?

आधी एक एकक समजून घेऊ. वोर्टमधला विरघळलेला अर्क 'अंश प्लेटो' या एककात सांगतात. १२ अंश प्लेटो म्हणजे १०० ग्रॅम वोर्टमध्ये १२ ग्रॅम अर्क. त्याची सापेक्ष घनता सुमारे १.०४८ येते.

पेशींचा ठोकताळा असा आहे :

• एल प्रकारासाठी (किण्वन सुमारे २० °से.) : दर मिलीला, दर अंश प्लेटोला ७.५ लाख पेशी.
• लागर प्रकारासाठी (किण्वन सुमारे १० ते १२ °से.) : त्याच्या दुप्पट, म्हणजे १५ लाख पेशी. थंडीत यीस्टची वाढ मंद असते, म्हणून सुरुवातीलाच जास्त पेशी घालाव्या लागतात.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगाचा हिशेब करू. वोर्ट २० लिटर, १२ अंश प्लेटो, एल प्रकार.

२०,००० मिली × १२ × ७.५ लाख = १८,००० कोटी पेशी.

द्रवरूप यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजेपणी सुमारे १०,००० कोटी पेशी असतात. फ्रिजमध्ये ठेवले तरी दर महिन्याला त्यांतल्या साधारण २० टक्के मरतात असे हिशेबासाठी धरतात. दोन महिन्यांनी उरल्या :

१०,००० × ०.८ × ०.८ = ६,४०० कोटी.

म्हणजे गरज १८,००० कोटींची आणि आम्ही टाकल्या फार तर ६,४०० कोटी. पाकीट उन्हातून प्रवास करून आले होते, तेव्हा खरा आकडा याहूनही कमी असणार. जिथे तीन मजूर हवेत तिथे आम्ही दोन-अडीच महिने उपाशी ठेवलेला एकच मजूर पाठवला होता.

४. स्टार्टर किती मोठा हवा?

कमी पडणाऱ्या पेशी : १८,००० − ६,४०० = ११,६०० कोटी.

सतत ढवळलेल्या स्टार्टरमध्ये १ ग्रॅम माल्ट अर्कामागे साधारण १०० ते १४० कोटी नव्या पेशी तयार होतात. सावधगिरी म्हणून आपण १०० कोटीच धरू. मग ११६ ग्रॅम अर्क लागेल. स्टार्टरचा वोर्ट लिटरला १०० ग्रॅम या प्रमाणात करतात, म्हणून सुमारे १.२ लिटर स्टार्टर हवा. मोजणीसाठी काढायचा नमुना आणि थोडी गळती धरून आपण १.५ लिटर करू, म्हणजे १५० ग्रॅम अर्क.

लिटरला १०० ग्रॅमच का? यातून सापेक्ष घनता सुमारे १.०३७ मिळते. याहून गोड वोर्टमध्ये पेशींवर ताण येतो. याहून पातळ वोर्टमध्ये अन्न कमी पडते. इथे आपल्याला चवदार बिअर करायची नसून धडधाकट पेशी वाढवायच्या आहेत.

माल्ट अर्काऐवजी साखर वापरू नका. साखरेत यीस्टला लागणारा नायट्रोजन नसतो. शिवाय वोर्टमधली मुख्य शर्करा माल्टोज असते. नुसत्या साखरेवर वाढलेले यीस्ट माल्टोज पचवण्यासाठी लागणारी तयारी करत नाही आणि मुख्य फर्मेंटरमध्ये गेल्यावर अडखळते.

५. ऑक्सिजनचे नेमके काम

परीक्षेत बहुतेक जण लिहितात, "ऑक्सिजन दिला की यीस्ट श्वसन करते आणि नाही दिला की किण्वन करते." हे उत्तर अपुरे आहे. ग्लुकोजचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी सॅकरोमायसिस यीस्ट ऑक्सिजन असतानाही किण्वनच करते. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. वोर्टमध्ये साखर भरपूर असल्यामुळे स्टार्टरमध्येही मुख्यतः किण्वनच चालते.

मग स्टार्टर ढवळायचा कशासाठी? पेशीच्या पटलाला एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ले लागतात आणि ती बनवायला यीस्टला ऑक्सिजन हवा असतो. एका पेशीच्या दोन झाल्या की हा साठा दोघींत वाटला जातो. ऑक्सिजन नसेल तर काही विभाजनांनंतर साठा संपतो आणि वाढ थांबते. ढवळण्याने हवा आत मिसळते, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पेशी तळाशी न बसता अन्नात तरंगत राहतात.

६. साहित्य

• माल्ट अर्काची पावडर १५० ग्रॅम
• ३ लिटरचा बोरोसिलिकेट फ्लास्क (नसेल तर २ लिटरचे दोन, प्रत्येकात ७५० मिली)
• चुंबकीय ढवळणी
• ॲल्युमिनियम फॉइल, ७० टक्के अल्कोहोल, थर्मामीटर
• ऑटोक्लेव्ह, नसेल तर शिटीचा प्रेशर कुकर

चुंबकीय ढवळणी नसेल तर अभियांत्रिकीच्या मुलांनी ती विकत घेण्याची गरज नाही. जुन्या संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा घ्या, त्याच्या मधोमध दोन लहान चुंबके समतोल साधून चिकटवा, वर पातळ पत्रा बसवा आणि वेग बदलायला रेग्युलेटर जोडा. फ्लास्कमधली चुंबकीय कांडी त्यावर फिरते. द्रवात छोटासा भोवरा दिसला की तेवढा वेग पुरे.

७. कृती

(१) १५० ग्रॅम पावडर थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या मोडून विरघळवा आणि पाणी घालून १.५ लिटर करा. थेट उकळत्या पाण्यात पावडर टाकली तर तिचे गोळे होतात.

(२) चुंबकीय कांडी आत सोडा. तोंडावर फॉइल सैल बसवा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ °से. तापमानाला १५ ते २० मिनिटे ठेवा. लहान कुकर असेल तर वोर्ट छोट्या बाटल्यांत वाटून घ्या. वोर्ट दुधासारखा उतू जातो, म्हणून कोणतेही भांडे निम्म्याहून फार जास्त भरू नका.

(३) दाब पूर्ण उतरल्यावरच झाकण उघडा. वोर्ट आधी हवेत कोमट होऊ द्या आणि मग थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून २२ °से. पर्यंत आणा. गरम काच एकदम बर्फात घालू नका.

(४) यीस्टचे पाकीट दोन तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. पाकीट, कात्री आणि फ्लास्कचे तोंड ७० टक्के अल्कोहोलने पुसा. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचे जास्त परिणामकारक ठरते, कारण त्यातल्या पाण्यामुळे ते जंतूंच्या आत शिरते आणि प्रथिने नीट गोठवते. जवळ ज्योत पेटलेली असेल तर अल्कोहोलची बाटली दूर ठेवा.

(५) पंखा बंद करा, यीस्ट फ्लास्कमध्ये ओता आणि फॉइल पुन्हा सैल बसवा. घट्ट बूच कधीही लावू नका. आत वायू तयार होत असतो आणि बंद काच फुटू शकते.

(६) २० ते २५ °से. तापमानाला २४ ते ३६ तास ढवळत ठेवा. द्रव हळूहळू ताकासारखा गढूळ होतो. फेस दिसेलच असे नाही, तेव्हा फेसावरून अंदाज बांधू नका.

(७) ढवळणे थांबवून फ्लास्क ४ °से. ला एक ते दोन दिवस ठेवा. यीस्ट तळाशी पांढरट थरात बसते. वरचा बराचसा द्रव हलक्या हाताने ओतून टाका. उरलेला थर हलवून एकसारखा करा आणि वोर्टच्या तापमानाला आल्यावर मुख्य फर्मेंटरमध्ये घाला.

८. मोजल्याशिवाय टाकू नका

वरचा सगळा हिशेब अंदाजाचा होता. खरा आकडा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो. मोजणी सातव्या पायरीआधी, ढवळणे चालू असतानाच करावी, म्हणजे नमुना एकसारखा मिळतो.

१ मिली नमुन्यात ९ मिली पाणी घाला (१० पट). त्यातला १ मिली घेऊन १ मिली मिथिलीन ब्लूमध्ये मिसळा (आणखी २ पट). एकूण विरलन २० पट झाले. थेंब हिमोसायटोमीटरवर ठेवा. मधल्या मोठ्या चौकोनात २५ चौकोन असतात. त्यांतले चार कोपऱ्यांतले आणि एक मधला असे पाच मोजा. रेघेवरच्या पेशी फक्त वरच्या आणि डाव्या बाजूच्या धरा. कळी आईच्या निम्म्याहून मोठी असेल तरच तिला वेगळी पेशी माना.

जिवंत पेशी या रंगाला रंगहीन करून टाकतात, मेलेल्या निळ्या राहतात. समजा एकूण १५० पेशी दिसल्या आणि त्यांतल्या १२ निळ्या होत्या.

दर मिली पेशी = १५० × ५ × १०,००० × २० = १५ कोटी
१,५०० मिलीमध्ये = २२,५०० कोटी
जिवंत प्रमाण = १३८ ÷ १५० = ९२ टक्के
जिवंत पेशी = २०,७०० कोटी

गरज १८,००० कोटींची होती, म्हणजे स्टार्टर पुरेसा आहे. दीडशे पेशी मोजल्यावर नुसत्या योगायोगाने साधारण ८ टक्के चूक होऊ शकते (१५० चे वर्गमूळ सुमारे १२). म्हणून १५-२० पेशी मोजून आकडा लिहू नका. आणि जिवंत प्रमाण ८०-८५ टक्क्यांच्या खाली आले तर ते यीस्ट वापरण्याआधी दोनदा विचार करा.

९. उन्हाळ्याचे काय?

आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ °से. असते आणि खोलीत ३६ च्या पुढे. इतक्या उष्णतेत यीस्ट वेगाने काम करते, पण पेशींवर ताण येतो आणि मुख्य किण्वनात उग्र वासाचे जड अल्कोहोल वाढतात. इतर जंतूंना मात्र हीच उष्णता मानवते. इन्क्युबेटरला थंडाव्याची सोय नसेल तर फ्लास्क पाण्याच्या घमेल्यात ठेवून त्याभोवती ओले फडके गुंडाळा. कोरड्या हवेत माठाप्रमाणे बाष्पीभवनाने बराच थंडावा मिळतो. कोकणात किंवा पावसाळ्यात हवा दमट असते, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे घमेल्यात बर्फाच्या बाटल्या आलटून पालटून ठेवाव्या लागतात. आणि यीस्ट थंडीच्या दिवसांतच मागवून ठेवणे किंवा बर्फाच्या वेष्टनात मागवणे सगळ्यांत चांगले.

१०. बिघडलेला स्टार्टर कसा ओळखाल?

चांगल्या स्टार्टरला पावासारखा, थोडा फळांसारखा वास येतो. आंबट दह्याचा, व्हिनेगरचा किंवा कुजल्याचा वास, पृष्ठभागावर साय किंवा रंगीत ठिपके, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टशेजारी बारीक काड्यांसारखे जंतू यांपैकी काहीही दिसले तर स्टार्टर फेकून द्या. "थोडासाच वास आहे" असे म्हणून पुढे जाऊ नका. फेकण्याआधी तो ऑटोक्लेव्ह करा.

११. कायद्याविषयी

मद्य हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि छत्तीसगडमध्ये १९१५ चा अबकारी कायदा. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती पारंपरिक सूट आहे, पण ती तुम्हा-आम्हा सर्वांना लागू होत नाही. परवान्याशिवाय वसतिगृहाच्या खोलीत बिअर करणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून हा प्रयोग प्रयोगशाळेतच, विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने आणि आपल्या राज्याचे नियम पाहून करावा. मोजणी झाल्यावर द्रव निर्जंतुक करून टाकून द्यावा आणि तशी नोंद वहीत करावी.

हे कौशल्य बिअरपुरते नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून इथेनॉल करतानाही यीस्ट आधी छोट्या टाकीत वाढवतात आणि मग मोठ्या टाकीत सोडतात. लस किंवा प्रतिजैविकांच्या कारखान्यातही मोठ्या फर्मेंटरआधी बियाण्याची टाकी असतेच. तिथे एक टाकी वाया जाणे म्हणजे २० लिटरचे नव्हे, हजारो लिटरचे नुकसान असते.

१२. सरावासाठी उदाहरणे

(१) १० लिटर, १० अंश प्लेटो लागर वोर्टसाठी किती पेशी लागतील? (उत्तर : १५,००० कोटी)

(२) वरील वोर्टसाठी चार महिने जुने पाकीट आहे. त्यात किती जिवंत पेशी उरल्या असतील आणि किती माल्ट अर्क लागेल? (उत्तर : सुमारे ४,१०० कोटी, सुमारे १०९ ग्रॅम, म्हणजे १.१ लिटर स्टार्टर)

(३) १ लिटर स्टार्टरमध्ये २० पट विरलनाला पाच चौकोनांत १२० पेशी दिसल्या, त्यांतल्या १८ निळ्या. जिवंत पेशी किती? पहिल्या उदाहरणातल्या वोर्टला त्या पुरतील का? (उत्तर : १०,२०० कोटी, पुरणार नाहीत. ४,८०० कोटी कमी पडतात, म्हणून सुमारे अर्धा लिटर ताज्या वोर्टची आणखी एक पायरी करावी.)

(४) स्टार्टरला घट्ट बूच लावून ढवळत ठेवले तर कोणत्या दोन गोष्टी बिघडतील? पाचवा आणि सातवा भाग वाचून स्वतःच्या शब्दांत लिहा.

त्या मे महिन्यानंतर आमच्या प्रयोगशाळेतल्या किण्वनाच्या नोंदपत्रकावर तारखेच्या खाली एक रकाना वाढवला आहे : "टाकलेल्या जिवंत पेशी." तो रिकामा असेल तर मी फर्मेंटरच्या खोलीची किल्ली देत नाही. तुमच्याही वहीत तो रकाना आजच आखून घ्या.